मगभर पाणी ओतून पाहणारा कंत्राटदार

बाथरूमचं काम कसं झालं ते शेवटी थोडं लिहिलंय. पण हा अभिप्राय मुख्यतः कामाआधीच्या सेवेबद्दल आहे. एस्टिमेट मागितलं की ते कोण देतं, कधी देतं आणि त्यात काय लिहितं, याबद्दल. एकाच कामासाठी मी पाच कंत्राटदारांशी बोलले. त्यातल्या एकाला मनापासून पाचपैकी पाच तारे देते, आणि ते त्यांच्या दीड पानी कोटेशनसाठी देते.

आमच्या बाथरूमखालच्या घरात छताला ओल आली होती. आधी बशीएवढा डाग, मग रंगाचे पोपडे, मग एका कोपऱ्यात प्लास्टर फुगलं. खालच्या काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण दर दोन-तीन दिवसांनी डागाचा फोटो पाठवायच्या. फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. शिवाय आई ७८ वर्षांची, आणि जुन्या टाइल्स ओल्या झाल्या की तिचा पाय घसरायचा. काम करायचं हे ठरलेलंच होतं. अडलं होतं ते फक्त एस्टिमेटवर.

पहिल्या फेरीत चौघांना फोन केले. पहिले आले, दाराशी उभं राहून आत डोकावले, "एवढंच ना? संध्याकाळी पाठवतो," म्हणाले आणि गेले. ती संध्याकाळ नवव्या दिवशी उजाडली. व्हॉट्सॲपवर एक आकडा, पुढे 'लमसम'. त्यात काय काय आलं विचारलं तर उत्तर, "सगळं आलं त्यात, मॅडम." दुसऱ्यांनी टेप लावून व्यवस्थित माप घेतलं, मला बरं वाटलं, पण आठवड्याने फोन केला तर ते माप हरवलं होतं आणि पुन्हा यायला त्यांना वेळ नव्हता. तिसऱ्यांनी तीन वेळा दिवस ठरवला आणि तिन्ही वेळा आले नाहीत. तिन्ही वेळा मी शाळेतून अर्धी रजा घेतली होती. न येण्यापेक्षा न कळवण्याचा त्रास जास्त झाला.

चौथे म्हणाले, "आधी टाइल कुठली, कमोड भिंतीतला की जमिनीवरचा, गीझर कुठे येणार, हे ठरवा. मग दर देतो." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा पटलं, की या चौघांत खरं बोलले ते हेच. माझंच काही ठरलेलं नव्हतं. मी प्रत्येकाला वेगळं सांगत होते: एकाला म्हटलं टाइल दारापर्यंतच्या उंचीची, दुसऱ्याला म्हटलं बघू, वरपर्यंत घेऊ. मग आकडे जुळणार कसे, आणि लवकर येणार कसे?

त्या रविवारी मी एक कागद केला. मी गणित शिकवते, त्यामुळे निदान मापं तरी नीट काढता येतात. बाथरूम ७ फूट बाय ५ फूट. भिंतीची टाइल, म्हणजे डाडो, ७ फुटांपर्यंत. दार अडीच फूट रुंद. खिडकी ७ फुटांच्या वर. जुन्या टाइल्स आणि खालचा थर काढायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, पाण्याचे पाइप नवे आणि भिंतीत दाबून घ्यायचे. टाइल, नळ, कमोड मी आणणार. सिमेंट, वाळू, केमिकल, पाइप कंत्राटदाराचे. काम सकाळी ९ ते संध्याकाळी ६. लिफ्टमधून राडारोडा न्यायला परवानगी नाही, जिन्यावरूनच उतरवावा लागेल. सोबत सहा फोटो, त्यातला एक काकूंच्या छताचा. खाली लिहिलं: पाहायला कधी येणार ते कळवा, पाहिल्यानंतर सात दिवसांत लेखी दर हवेत, पुढच्या तीन दिवसांत मी होय किंवा नाही कळवेन.

ही शेवटची ओळ फार उपयोगी पडली असं मला वाटतं. नीट एस्टिमेट करायचं म्हणजे कंत्राटदाराचा अर्धा दिवस जातो. जाणं-येणं, माप, प्लंबरला विचारणं, दुकानातून दर घेणं. त्याचे पैसे बहुतेक वेळा कुणी देत नाही, आणि अर्धे लोक नंतर फोनही उचलत नाहीत. मग छोट्या कामाचं एस्टिमेट मागे पडत जातं. समोरच्या माणसाचं ठरलेलं आहे, तो उत्तर देणार आहे, एवढं दिसलं की त्याचा कागद वर येतो. पहिल्या फेरीतल्या 'लमसम'वाल्यांनाही मी तो पाठवला, आणि त्यांनी चौथ्या दिवशी चक्क कलमवार दर पाठवले. चौथ्यांचेही सहाव्या दिवशी आले. दुसरे आणि तिसरे गप्पच राहिले.

पाचव्यांचा नंबर शाळेतल्या इलेक्ट्रिशियनने दिला होता. ठरलेल्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला, "ताई, आज एका कामावर स्लॅब टाकायचा आहे, निघता येणार नाही. उद्या साडेआठला येऊ का?" आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला ते दारात हजर.

त्यांनी टेप काढण्याआधी पाण्याचा मग मागितला. दाराजवळ मगभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या तोंडाकडे, जायचं तर अर्ध्यातून वळलं आणि कमोडमागच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. काकूंच्या घरात प्लास्टर फुगलं होतं ते बरोबर त्याच कोपऱ्याखाली. इतकी वर्षं मी त्याच बाथरूममध्ये आंघोळ करत होते, पण पाणी कुठे जातं हे कधी पाहिलं नव्हतं. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी एकेक टाइल वाजवली. दाराकडे टणटण, कोपऱ्याकडे बद्द आवाज. "इथे खाली पोकळ झालंय. नुसतं ग्राउट भरून भागणार नाही," ते म्हणाले. ग्राउट म्हणजे टाइल्समधल्या फटींत भरतात ते. त्यानंतर माप घेतलं आणि माझ्या कागदावरच्या मापांशी ताडून पाहिलं. मग खाली जाऊन काकूंचं छतही पाहून आले. हे करणारे ते एकटेच.

पाहणीचे त्यांनी थोडे पैसे घेतले. काम दिलंत तर बिलातून वजा करीन, असं आधीच सांगितलं होतं, आणि पुढे तसं केलंही. मला हे योग्य वाटलं. तो एक तास त्यांनी सल्ला दिला होता, त्याचं मोल द्यायलाच हवं.

सात दिवसांचा शब्द होता, कोटेशन पाचव्या दिवशी आलं. हाताने लिहिलेलं, अक्षर लावायला कठीण, पण प्रत्येक ओळीत परिमाण, एकक, दर आणि रक्कम. वॉटरप्रूफिंगच्या ओळीत केमिकलचं नाव, त्याचे दोन थर, आणि भिंतीवर १ फूट वर चढवणार, नळाखालच्या भागात त्याहून वर, असं स्पष्ट लिहिलेलं. त्यापुढे वेगळी ओळ: टाइल बसवण्याआधी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवणार, खाली ओल दिसली तर पुन्हा करणार, त्याचे जादा पैसे नाहीत. पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, म्हणजे झिऱ्या, बुजवण्याआधी लाइनला दाब देऊन तपासणार. फरशीचा ढाळ, म्हणजे उतार, फुटाला १/८ ते १/४ इंच. इतर दोघांच्या कागदात या सगळ्याऐवजी एकच शब्द होता, 'वॉटरप्रूफिंग'.

शेवटी 'यात धरलेलं नाही' असं लिहून त्याखाली चार ओळी होत्या: इमारतीची मुख्य उभी पाइपलाइन, काकूंच्या छताचा रंग, दाराची चौकट, आणि जुना थर काढल्यावर स्लॅबमध्ये गज गंजलेले निघाले तर त्याची दुरुस्ती. शेवटच्या ओळीपुढे दर चौरस फुटाचा दर लिहिला होता, म्हणजे वेळ आलीच तर भाव काय हे आधी ठाऊक. कोटेशन ३० दिवस लागू. पैसे चार टप्प्यांत, आणि शेवटचे १० टक्के काम संपल्यावर एका महिन्याने. ही शेवटची अट मी मागितली नव्हती, त्यांनी स्वतःहून घातली होती.

तीन कोटेशन्स शेजारी ठेवून मी टाइलची ओळ तपासली, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या ओळीने. फरशी ३५ चौरस फूट. भिंतींचा घेर २४ फूट, उंची ७, म्हणजे १६८. त्यातून दाराचे साडेसतरा वजा केले की १५०.५. एकूण १८५.५. तुटफुटीसाठी १० टक्के धरले तर सुमारे २०४. 'लमसम'वाल्यांनी डाडो छतापर्यंत, म्हणजे ९ फूट धरला होता, दार वजा नाही: २५१. चौथ्यांनी उंची बरोबर धरली पण दार वजा केलं नव्हतं: २०३. पाचव्यांनी दोन आकडे दिले होते, खरेदीसाठी २०४ आणि मजुरीसाठी १८५.५. २०३ आणि २०४ हे आकडे वरवर सारखेच दिसतात. पण टाइल जास्त आणावी लागते ती कापताना तुटते म्हणून, मजुरी मात्र बसवलेल्या क्षेत्रफळावरच द्यायची असते. दार वजा न करता मजुरी लावली तर मोकळ्या जागेचे पैसे जातात. हे मी चौथ्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं आणि सुधारित कागद पाठवला, तेही त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

एकूण आकड्यात पाचवे मधले होते. 'लमसम'वाले सर्वांत स्वस्त, पण त्यांच्या कलमवार कागदात राडारोडा उचलणं नव्हतं आणि पाइपचा दर्जा लिहिलेला नव्हता. ते दोन्ही धरले की फरक जवळजवळ मिटत होता. तिसऱ्या दिवशी मी पाचव्यांना होकार कळवला.

काम ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त चाललं. ४८ तासांच्या पाण्याच्या चाचणीत पहिल्याच वेळी छत कोरडं राहिलं. काकू दर चार तासांनी बघत होत्या. स्लॅबमध्ये गंजलेले गज निघाले, साधारण ४ चौरस फुटांत. कंत्राटदारांनी काम थांबवून फोटो पाठवला, कागदावरच्या दराने हिशेब लिहिला आणि माझा होकार आल्यावरच पुढे गेले. तक्रारी दोन. एक्झॉस्ट फॅनची वायर कोटेशनमध्ये राहून गेली होती, ती जादा लागली. आणि दाराजवळच्या एका ओळीतला ग्राउट सांगूनही अजून पुन्हा भरलेला नाही. राखून ठेवलेले १० टक्के माझ्याकडेच आहेत, त्यामुळे काळजी नाही. शेवटचं बिल कोटेशनपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त आलं, आणि त्यातला प्रत्येक रुपया कशाचा ते मला ठाऊक आहे.

काम दिल्यावर मी 'लमसम'वाल्यांना आणि चौथ्यांना फोन करून नाही म्हणून कळवलं, कारणही सांगितलं. चौथे क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "कळवलंत हे बरं केलंत, ताई. कुणी कळवत नाही." स्वयंपाकघराचा ओटा पुढच्या सुट्टीत करायचा आहे. त्याचं माप मी काढून ठेवलंय, आणि कागद या वेळी दोघांनाही जाणार आहे, त्यांना आणि पाचव्यांना.