गिअरलेस स्कूटर घाटात वापरून ११ महिने झाले, बेल्ट-क्लचचा अनुभव

११० सीसीची सेकंड हँड गिअरलेस घेतली तेव्हा मीटरवर १९,००० होते, आज ३०,५०० झालेत. रोजचं सातारा ते यवतेश्वर वर-खाली, मागे बायको नाहीतर पायाशी सिलेंडर, त्यामुळे इंजिनपेक्षा त्याची ताकद मागच्या चाकाला पोचवणाऱ्या बेल्ट आणि क्लचचीच खरी परीक्षा झाली.

गावात प्रश्नच नाही, पोवई नाक्याच्या गर्दीत असलं सुख दुसरं नाही. बाबांच्या चेतकला डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही असायचे, नाक्यावरून घरी येईपर्यंत मनगट भरून यायचं.

चढाला मात्र चार महिन्यांनी त्रास सुरू झाला. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी ओढतच नाही, सपाटीलाही साठच्या पुढे जाईना, सकाळी पहिल्यांदा उचलताना मागून थरथर. सर्व्हिसिंगला दिली तिथे सरळ इंजिनचं काम सांगितलं. मन मानेना म्हणून गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली, त्याने डाव्या बाजूचं कव्हर काढलं तर आत सगळी बेल्टची काळी भुकटी.

त्याने पुढच्या व्हेरिएटरमधले (आपोआप गिअर बदलणारी इंजिनकडची पुली) ६ रोलर तळहातावर ठेवून दाखवले, गोल असायला हवेत ते एका बाजूने चक्क चपटे झालेले. रेस वाढली की हे रोलर बाहेर फेकले जातात आणि पुढच्या पुलीची एक बाजू दाबत नेतात, मग बेल्ट पुढे वर चढतो, मागच्या पुलीत खाली बसतो, हेच आपलं गिअर बदलणं. चपटा रोलर सरकायच्या ऐवजी अडकतो. त्यात बेल्ट झिजून अरुंद झालेला, म्हणजे तो पुढच्या पुलीत पूर्ण वर येतच नव्हता, वेग तिथेच अडकायचा.

क्लच शू (रेस दिली की बाहेरच्या वाटीला धरून मागचं चाक फिरवणारे तुकडे) काचेसारखे गुळगुळीत आणि बाहेरची वाटी तापून निळी पडलेली. ही चूक पूर्णपणे माझी. चढाला वाहनं थांबली की मी ब्रेक न धरता थोडी रेस देऊन गाडी तोलून धरायचो, तेव्हा शू वाटीवर नुसते घासत राहतात. शू पॉलिश पेपरने घासून परत बसवले, बेल्ट आणि रोलर नवे, मजुरीसकट १,४०० रुपये. दुसऱ्या दिवशी तोच घाट डबलसीट आरामात चढला. इतकं बरं वाटलं की वर जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

उतार ही अजून वेगळी गोष्ट. रेस पूर्ण सोडून वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळायला लागते, इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार ड्रम ब्रेकवर. गिअरच्या गाडीवरून आलेल्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. मी आता सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवतो आणि दोन्ही ब्रेक मधूनमधून दाबून सोडतो, सतत धरून ठेवत नाही.

हलके रोलर टाका, पिकअप वाढेल असं बरेच जण सांगतात. पिकअप वाढतं हे खरंय, पण इंजिन कायम चढ्या आवाजात फिरतं आणि एव्हरेज पडतं, म्हणून मी कंपनीच्याच वजनाचे टाकले. एव्हरेज घाट धरून ४४ मिळतंय. आता कव्हर परत ३५,००० ला उघडणार, बेल्टला चिरा दिसल्या तर तेव्हाच बदलून टाकेन, घाटात तुटायची वाट बघणार नाही.