देशी रोपांची नर्सरी – ४ स्टार, फुलपाखरंवाल्यांनी नक्की जा

फुलपाखरांसाठी काहीतरी द्या म्हटलं की बाकीचे नर्सरीवाले सरळ लँटाना नाहीतर पेंटास काढून हातात देतात. लँटाना म्हणजे आपली घाणेरीच हो, अमेरिकेतून आलेली, जंगलात जिकडेतिकडे माजलीय, ती परत पैसे देऊन घरी कोण आणणार! इथे ती ठेवतच नाहीत.

नर्सरी चालवणारे काका रोप दाखवायच्या आधी विचारतात, "ताई, तुमच्याकडे कुठल्या महिन्यात काहीच फुललेलं नसतं?" मला हे जाम आवडलं, कारण पावसाळ्यात काय, तेरडा, भारंगी, खुळखुळा, रानात आणि कुंडीत सगळीकडे मेजवानी असते, खरा वांधा पाऊस गेल्यावर होतो. त्यांनी दिलेली कोरांटी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, मग थंडीत अडुळसा, त्याच्या पांढऱ्या फुलांवर मोठे काळे भुंगे असे घोंगावत येतात की शेजारचे घाबरतात, आणि अडुळसा ओसरत आला की लालभडक धायटी, तिच्यावरून शिंजीर पक्षी हलत नाही. उन्हाळ्यासाठी अंगण असेल तर करंज घ्या म्हणाले, बाल्कनीवाल्यांनी निदान तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्या येतात. (आमच्या आईला हे अजिबात पटलेलं नाही, दिसली मंजिरी की खुडलीच.)

अळ्यांच्या झाडांचं वेगळं टेबल आहे, आणि माझ्या मते नर्सरीची खरी किंमत तिथेच कळते. मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, पण अंडी घालायला त्याला ठरलेलंच झाड लागतं. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ ला जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातली पानं लागतात. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर. इथली रोपं दिसायला एकदम भिकार, पानं कुरतडलेली, एका कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी बसलेलीच होती आणि काकांनी ती रोपासकट दिली. मी म्हणेन चकचकीत, एकही भोक नसलेलं रोप दिसलं तर आधी फवारणी काय केलीय ते विचारा, कारण इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडात भिनतं आणि परागात, मधात पण उतरतं, म्हणजे ज्यांच्यासाठी लावलं त्यांनाच विष.

एक स्टार कापला तो पाट्यांसाठी. नुसतं 'कोरांटी' लिहिलंय, पिवळी की निळी की पांढरी काही पत्ता नाही, फुलेपर्यंत थांबा. आणि देशी म्हणून पानफुटी ठेवलीय (रेड पिएरो फुलपाखराची अळी तिच्यावर वाढते), ती मूळची मादागास्करची. तसं सांगितलं तर काका हसले, "रेड पिएरोच्या अळीला पासपोर्ट लागत नाही." बरोबर आहे, पण मग पाटी बदला ना काका!

बाकी रेट ठीक, छोट्या पिशव्या ५० ते ८० रुपये, मोठी रोपं मात्र महाग वाटली. धायटी जूनमध्येच संपते, आधी फोन करून ठेवून घ्या. शनिवार-रविवारी गर्दीत काकांना बोलायला वेळ नसतो, त्यामुळे सुट्टी टाकून मधल्या वारी गेलात तर उत्तम. पिशवी घरूनच न्या, तिथे प्लास्टिकची देत नाहीत.