गर्टिनचं 'व्हाइट हाउस' आठ वेळा उतरवल्यावर

जूनमध्ये सुरुवात केली, आता जानेवारी चालू आहे. एवढ्या दिवसांत मी एकच चित्र आठ वेळा उतरवलं: इंग्रज चित्रकार थॉमस गर्टिनचं 'द व्हाइट हाउस अ‍ॅट चेल्सी'. 1800 सालचं हे जलरंगचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. संध्याकाळची थेम्स, डावीकडे पवनचक्की, लांबवर सपाट काठ आणि उजवीकडे एक छोटंसं पांढरं घर. बस्स, एवढंच. नक्कल करून निसर्गचित्र शिकता येतं का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मी गर्टिनच्याच काळातला इंग्रज चित्रकार टर्नर घेणार होते. पण त्याच्या 'ब्लू रिगी' या चित्रात वॉशवर वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर) इतके आहेत की नवख्याला ते मोजताही येत नाहीत. गर्टिनचे वॉश मोठे आणि मोकळे. दोघंही 1775 सालचे. तरुणपणी ते लंडनमध्ये चित्रांचे शौकीन डॉ. मन्रो यांच्या घरी संध्याकाळी बसून निसर्गचित्रकार जॉन रॉबर्ट कझन्सच्या चित्रांच्या नकला करायचे. गर्टिन रेखाटन करायचा, टर्नर वॉश द्यायचा. हे वाचल्यावर नक्कल करण्याबद्दलचा माझा संकोच गेला.

मूळ चित्र साधारण 30 बाय 51 सेंमी आहे. पहिली प्रत मी ए-फोरवर केली, ती वाया गेली. एवढ्याशा कागदावर आकाश चार फटकाऱ्यांत संपतं, मग वॉश ओढायला शिकणार कुठून? अर्धा इम्पीरियल कागद (साधारण 38 बाय 56 सेंमी) घ्या, मूळ माप त्यात बसतं. आणि कागदावर पैसे वाचवू नका. स्वस्तातल्या कागदाने ऐन श्रावणात दगा दिला, दमट हवेने त्याचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ) गेलं आणि आकाशभर ठिपके उठले. 300 जीएसएमच्या, म्हणजे जाड, सुती कागदावर आल्यापासून तो त्रास नाही. रंग मात्र साधे, पाच ट्यूबमध्ये भागलं.

खरा झगडा त्या घराशी झाला. घर म्हणजे रंग न लावलेला कोरा कागद. तिसऱ्या प्रतीत मास्किंग फ्लुइड (जागा कोरी ठेवण्यासाठी लावून नंतर सोलायचा रबरी द्रव) लावलं, तर कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसल्या आणि ते सोलताना कागदाचा पापुद्रा निघाला. चौथ्या-पाचव्यात ब्रशनेच जागा सोडली. घर पांढरं राहिलं, पण उजळेना.

मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि आजूबाजूचं झाकून एकेक रंग सुटा दिसावा म्हणून मूळ चित्राच्या प्रिंटवर ते सरकवत गेले. (मोबाइलवर हे करू नका, पडद्याचा उजेड फसवतो.) जे आकाश मला फिकट, जवळजवळ पांढरं वाटत होतं, ते भोकातून चक्क मध्यम करडं दिसलं! माझं आकाश त्याहून कितीतरी हलकं होतं. सहावी प्रत फक्त सेपियात, म्हणजे एकाच तपकिरी रंगात केली, आकाश आणि पाणी धीर करून गडद घेतले. घर आपोआप पुढे आलं. पाण्यातल्या त्या पांढऱ्या प्रतिबिंबापाशी ब्रश थांबवताना हात थरथरत होता, पण थांबला.

मूळ रंग तंतोतंत पकडण्याच्या मागे लागू नका. गर्टिनच्या बऱ्याच चित्रांतली नीळ उजेडाने उडालेली आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या रंगांबरोबर दोनशे वर्षांचा उजेडही उतरवून घेता. गडद-फिकटाचं नातं तेवढं उचला.

एक उणीव मात्र मोठी आहे. दिवाळीनंतर ठाण्याच्या उपवन तलावाकाठी बसले, तेव्हा वॉश जमले, पण चौकट कुठे कापायची, काय गाळायचं, हे काही केल्या सुचेना. ते सगळं गर्टिनने माझ्यासाठी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यामुळे चौथ्या-पाचव्या प्रतीपासूनच बाहेर बसायला लागा, आठवी संपायची वाट पाहू नका.

आता कॉटमन या इंग्रज चित्रकाराचं 'ग्रेटा ब्रिज' हाती घेतलंय, तेही फक्त सेपियात. रविवारची सकाळ उपवनला.