फ्लॅश की डेअरडेव्हिल: मुखवट्यामागचा माणूस कुणी जास्त जिवंत केला?

ग्रँट गस्टिनचा बॅरी ॲलन (अफाट वेगाने धावणारा सुपरहिरो, मालिका 'द फ्लॅश', २०१४ ते २०२३) आणि चार्ली कॉक्सचा मॅट मरडॉक (मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारा सुपरहिरो, मालिका 'डेअरडेव्हिल', २०१५) दोघंही मला मनापासून आवडतात. पण काळजाला हात घालायची दोघांची रीत अगदी वेगळी.

गस्टिन भावना लपवत नाही. डोळे भरतात, आवाज कापतो. पहिल्या सीझनच्या शेवटी बॅरी भूतकाळात, आईच्या खुनाच्या रात्री जातो, तिला वाचवायचं सोडून दाराआड थांबतो आणि मग तिच्या शेवटच्या क्षणी जवळ बसून, मी आणि बाबा ठीक आहोत, एवढंच सांगतो. वेगाची सगळी करामत तिथे बाजूला पडते. उरतो फक्त निरोप घेणारा मुलगा. त्याचे बाबा झालेत जॉन वेस्ली शिप, १९९० च्या मालिकेतले फ्लॅश. ही निवड फार सुंदर.

कॉक्सचं काम जास्त अवघड. मॅट अंध आहे, त्यामुळे समोरच्याच्या नजरेला नजर देऊन अभिनय करायची सोयच नाही. तो मान किंचित कलती करून ऐकतो, आणि त्या ऐकण्यातच माया दिसते. दुसऱ्या भागातली कॉरिडॉरमधली मारामारी आठवा: पळवलेल्या मुलाला सोडवायला आलेला मॅट आधीच जखमी आहे. धापा टाकतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. डोळे झाकलेले, तरी थकवा खांद्यांतून कळतो.

'फ्लॅश'मध्ये पुढे धीर देणारी भाषणं फार झाली, म्हणून माझा कौल कॉक्सला. मनसोक्त रडावंसं वाटलं, की मात्र मी बॅरीचा तो प्रसंगच लावतो.