पुण्याहून आणलेली एमसीएफ-७, दोन वर्षं सांभाळल्यावरचा अनुभव

एमसीएफ-७ वर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींच्या लाइनवर, काम सुरू करणार असाल तर पहिलीच गोष्ट सांगते, ओळखीच्या लॅबमधून फुकटात फ्लास्क आणू नका. आम्ही आणला होता. सेल्स दिसायला छान, मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) स्वच्छ, वास नाही काही नाही, पण वाढ मंद आणि एमटीटीचे (जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे दर आठवड्याला वेगळे. मला वाटलं माझं पिपेटिंग चुकतंय, मग मीडियात घालायच्या सीरमचा लॉट बदलला, मग इन्क्यूबेटर आतून धुतला, असे पाच महिने गेले. शेवटी सर म्हणाले डॅपी (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) लावून बघ. लावलं तर न्यूक्लियसच्या बाहेर सगळीकडे बारीक बारीक ठिपके! मायकोप्लाझ्मा, अगदी बारीक जिवाणू. त्याला सेल वॉलच नसते म्हणून पेनिसिलिनचा उपयोग नाही, आणि मीडिया गढूळ होत नाही म्हणून डोळ्यांना कळतही नाही. सगळं ऑटोक्लेव्ह करून टाकलं, थीसिसचं एक अख्खं चॅप्टर त्यात गेलं, आणि मग पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) सेल रिपॉझिटरीकडे, म्हणजे पेशींच्या बँकेकडे, रीतसर अर्ज केला.

हा रिव्ह्यू त्या फ्लास्कचा. आणायला मीच गेले, गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात आहे संस्था. टी-२५ (२५ चौरस सेंटिमीटर तळाचा) फ्लास्क, मानेपर्यंत मीडियाने भरलेला, झाकण घट्ट आणि वरून पॅराफिल्म. एवढा काठोकाठ भरतात कारण अर्धा रिकामा असला तर प्रवासात मीडिया हिंदकळतो आणि सेल्स सुटतात. एसटीत थर्माकोलचा डबा सगळा वेळ मांडीवर. कंडक्टरकाकांनी विचारलं काय आहे, म्हटलं पेशी आहेत, जिवंत, कॅन्सरवरच्या संशोधनाच्या, तर त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, मागे गचके फार बसतात म्हणून.

आल्या आल्या उघडायचा नाही बरं का. बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, मायक्रोस्कोपखाली बघा, रात्रभर ३७ डिग्रीला राहू द्या, मग जास्तीचा मीडिया काढून पाचेक एमएल ठेवा. आणि नवीन आलेली कुठलीही लाइन, कुठूनही येऊ दे, मायकोप्लाझ्माचा पीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत वेगळी ठेवायची. आमचा पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह आला तेव्हा मी अक्षरशः रडले.

या सेल्स आल्या कुठून ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. १९७० साली डेट्रॉइटमध्ये मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल यांनी ६९ वर्षांच्या एका ननच्या छातीत साचलेल्या पाण्यातून त्या वाढवल्या, संस्थेच्या नावाची अक्षरं आणि सातवा प्रयत्न म्हणून हे नाव. त्या बाई त्याच वर्षी गेल्या. इस्ट्रोजेन या हार्मोनला पेशीत पकडणाऱ्या रिसेप्टरबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं कितीतरी या पेशींमुळे कळलंय. फ्लास्क हातात घेताना मला ते आठवतं, आणि मग घाई होत नाही.

घाई या सेल्सना चालतही नाही. एमसीएफ-७ पुंजक्यांनी वाढते, ट्रिप्सिन (पेशींना तळापासून सोडवणारं एन्झाइम) करताना घिसाडघाई केली की गठ्ठे येतात आणि गठ्ठे आले की काउंट चुकतो, काउंट चुकला की प्लेट गेली. मी आधी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुते, कारण सीरम उरलं तर ट्रिप्सिन कामच करत नाही. मग ट्रिप्सिन-ईडीटीए घालून इन्क्यूबेटरमध्ये तीन मिनिटं, बघायचं, कडा गोल झाल्या नसतील तर अजून दोन. फ्लास्कवर थापा मारायच्या नाहीत!! मीडिया घालून थांबवायचं आणि पिपेटचं टोक भिंतीला टेकवून आठ-दहा वेळा हळू वरखाली, फेस येऊ न देता. एकास तीन स्प्लिट केलं, म्हणजे एका फ्लास्कचे तीन केले, की बऱ्या राहतात, फार विरळ पेरल्या तर रुसल्यासारख्या बसून राहतात. डबलिंगला, म्हणजे संख्या दुप्पट व्हायला, साधारण दीड दिवस लागतो, हेला या भराभर वाढणाऱ्या लाइनची सवय असेल तर ही फार संथ वाटेल, पण थोडा धीर धरा.

हार्मोनचं काम असेल तर मीडियाच्या गुलाबी रंगाकडे लक्ष द्या. तो रंग देणारं फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखं वागतं, १९८६ मध्ये कॅत्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने अमेरिकेत इलिनॉयमध्ये हे याच सेल्सवर दाखवलं, आणि ते त्यातल्या अशुद्धीमुळे होतं हे पुढे त्यांनीच शोधलं. तेव्हा टॅमॉक्सिफेन वगैरे इस्ट्रोजेन अडवणारी औषधं लावायच्या आधी काही दिवस बिनरंगाचा मीडिया आणि चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने हार्मोन काढून घेतलेलं) सीरम, नाहीतर औषध न दिलेला कंट्रोलच आधीपासून खाऊनपिऊन तयार असतो. महाग पडतं, मान्य, पण दुसरा रस्ता नाही.

आणि ॲपॉप्टोसिस (पेशीचं आपणहून मरणं) बघायला घेणाऱ्यांनो, हिच्यात ते घडवणारं कॅस्पेज-३ हे एन्झाइम नाही, जीनमध्येच ४७ बेसचा तुकडा गळलाय. आमच्या ज्युनियरने तीन वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीन शोधायची चाचणी) केले, बँड येईना, बिचारी अँटिबॉडी खराब समजत होती. कॅस्पेज-७ बघा, किंवा दुसरी लाइन घ्या.

एसटीआर प्रोफाइलिंग (लाइन खरंच तीच आहे का ते डीएनएवरून पडताळणं) मात्र करून घ्याच. एमडीए-एमबी-४३५ कितीतरी वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली, आणि ती निघाली एम१४ नावाची मेलॅनोमाची (त्वचेच्या कॅन्सरची) लाइन. किती जणांचे किती दिवस गेले असतील त्यात!

माझ्याकडून पाचपैकी पाच, फ्लास्कलाही आणि रिपॉझिटरीलाही. आल्यावर पहिल्या तीन पॅसेजमध्येच (नव्या फ्लास्कमध्ये एकदा हलवलं की एक पॅसेज) दहा व्हायल्स १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या रसायनात) गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्या, त्यातल्या सहा अजून आहेत. परवा दुसऱ्या कॉलेजची एक मुलगी म्हणाली ताई, एक फ्लास्क द्याल का. तिला मी पुण्याला अर्ज कसा करायचा ते सांगितलं, आणि निर्जंतुक हवेच्या हूडसमोर शेजारी बसवून ट्रिप्सिन कसं करायचं ते दोनदा करून दाखवलं.