ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दगडी खोली आणि पहिला घरगुती स्टुडिओ: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या आत्याबाई यंदा 74 वर्षांच्या झाल्या. ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात, म्हणजे 1918 साली सुरू झालेल्या त्या जुन्या संस्थेत, त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी शहराच्या लष्कर भागातील आमच्या राहत्या घरी मुलींना गाणे शिकवले. त्यांच्याजवळच्या बंदिशी वहीत उतरवलेल्या आहेत. परंतु स्वरलिपीत स्वर सापडतात, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा अलगद आणून ठेवायचा आणि बेहलावा (आकारात घेतलेला संथ विस्तार) घेताना श्वास कोठे मोडायचा, हे वहीत सापडत नाही. ते त्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागते. म्हणून मी घरातच ध्वनिमुद्रणाची सोय करायचे ठरवले. घेतलेल्या साधनांपैकी कोणती उपयोगी पडली, कोणती घाईने घेतली गेली आणि कशाचा क्रम चुकला, हे माझ्यासारख्या पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

सुरुवात चुकीची झाली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘संपूर्ण स्टुडिओ संच’ या नावाने मिळणारा एक स्वस्त संच मी मागवला होता. त्यात कंडेन्सर म्हणून दिलेला माइक, स्टँड, फोमची टोपी आणि मोबाइलच्या हेडफोनसारखी बारीक पिन असलेली केबल होती. ती पिन लॅपटॉपला जोडली, तेव्हा आवाजामागे सतत पावसाची सर कोसळत असल्यासारखी खरखर येत होती. कंडेन्सर माइकला व्यवस्थित चालण्यासाठी 48 व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधून इंटरफेसकडून, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीकडून, मिळतो आणि लॅपटॉपच्या बारीक छिद्रातून तो मिळण्याचा प्रश्नच नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. खोके उघडले असल्याचे कारण सांगून विक्रेत्याने संच परत घेतला नाही. तो आजही माळ्यावर पडून आहे.

त्यानंतर दोन महिने केवळ वाचन आणि विचारपूस करून मी पुढील साधने घेतली: फोकसराइट कंपनीचा स्कार्लेट 2आय2 हा चौथ्या पिढीचा ऑडिओ इंटरफेस, ऑडिओ-टेक्निकाचा एटी2020 हा कंडेन्सर माइक, तबल्यासाठी शुअरचा एसएम57 आणि ऐकण्यासाठी ऑडिओ-टेक्निकाचेच एटीएच-एम40एक्स हे बंद पाठीचे हेडफोन. स्टँड आणि केबली धरून हा खर्च पन्नास हजारांच्या आसपास गेला. सहा महिन्यांनी यामाहाचे एचएस5 हे मॉनिटर स्पीकर (मुद्रण तपासून ऐकण्याचे स्पीकर) आले. त्यांच्याविषयी माझे मत वेगळे आहे, ते पुढे येईलच.

मात्र या सर्वांच्या आधी खोलीविषयी लिहिणे भाग आहे, कारण माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक काम खोलीनेच बिघडवले आणि पुढे खोलीनेच सावरले. आमचे घर जुन्या बांधणीचे आहे. भिंती दगडी, खाली ग्वाल्हेरच्या दगडाची फरशी आणि छतही उंच. अशा खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवली, तर टाळीमागोमाग पत्रा थरथरल्यासारखा बारीक आवाज समोरासमोरच्या भिंतींमधून फिरत राहतो. रोजच्या वावरात कान त्याकडे दुर्लक्ष करतात. माइक करत नाही. पहिल्या मुद्रणात आत्याबाईंचा प्रत्येक आकार विहिरीत गायल्यासारखा ऐकू आला.

त्याहून चमत्कारिक गोष्ट तानपुऱ्याची होती. आत्याबाईंची पट्टी काळी चार आहे. त्या पट्टीत खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, चौथी तार साधारण 104 हर्ट्झवर बोलते. आमची खोली 11 फूट रुंद आहे, आणि त्या अंतराच्या हिशेबाने दोन भिंतींमध्ये सुमारे 51 हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे 102 हर्ट्झचा नाद अडकून फुगतो. खोलीचा हा स्वर आणि तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ एकच पडल्यामुळे जोडीच्या तारा स्वच्छ ऐकू येत आणि चौथ्या तारेला हात लागताच सगळे मुद्रण घुमून जाई. मी आधी तानपुऱ्याची जवार (घोडीवर तारा टेकण्याची बैठक) बिघडली असे समजून ती लावून घेतली, मग माइकवर संशय घेतला. शेवटी एक दिवस शिष्येला तानपुरा छेडत बसायला सांगून मी हेडफोन लावले आणि माइक हातात घेऊन खोलीच्या रुंदीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत गेलो. मधोमध खर्ज फुगत होता, भिंतीला चिकटल्यावरही फुगत होता, आणि भिंतीपासून पावणेतीन फुटांवर, म्हणजे रुंदीच्या बरोबर पाव अंतरावर, तो शांत होऊन बाकीच्या तारांच्या पंगतीला येऊन बसला. त्या जागी मी फरशीवर खडूने खूण केली. आजही माइकचा स्टँड त्याच खुणेवर उभा राहतो.

भिंतींसाठी दुकानात मिळणारे उंचसखल फोमचे पातळ तुकडे मी घेतले नाहीत, आणि ते घेऊ नयेत असेच माझे मत आहे. ते केवळ वरचे तीक्ष्ण स्वर शोषतात. मधला आणि खालचा घुमार तसाच राहतो, त्यामुळे आवाज मृदू होण्याऐवजी कोंदट होतो. त्याऐवजी सुताराकडून सहा लाकडी चौकटी करवून घेतल्या, त्यांत 48 किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी तंतूंच्या लोकरीच्या) 50 मिलिमीटरच्या दोन-दोन पाट्या बसवल्या आणि वरून जाड सुती कापड ताणून शिवले. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि नाकाला फडके हवेच. तंतू कातडीत शिरले की दोन दिवस खाज जात नाही. चौकटी भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटे पुढे टांगल्या, तर मागच्या पोकळीमुळे त्या अधिक खालपर्यंत काम करतात. दोन चौकटी कोपऱ्यांत तिरप्या उभ्या केल्या, फरशीवर घरचाच हातविणीचा गालिचा अंथरला आणि दारावर जुनी रजई टांगली. एवढे झाल्यावर टाळीमागचा पत्रा गेला. या सगळ्याचा खर्च माइकच्या किमतीहून फारसा अधिक नव्हता, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली, तर मी माइकच्या आधी सुताराकडे जाईन.

आता माइक. एटी2020 हा या वर्गातील सर्वांत साधा माइक आहे: त्याच्यावर एकही बटण नाही, तो समोरून ऐकतो आणि मागून जवळजवळ ऐकत नाही. ग्वाल्हेरची गायकी खुल्या आवाजाची. मंद्रातील संथ आलापी आणि तार सप्तकापर्यंत जाऊन सरळ खाली उतरणारी सपाट तान यांच्या जोरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा माइक 144 डेसिबलपर्यंतचा आवाज सहन करतो, त्यामुळे आत्याबाईंच्या तानेने तो कधीही फाटला नाही. त्याचा स्वतःचा खरखराट 20 डेसिबलचा आहे, आणि यावर जाणकार नाक मुरडतात. रोडच्या एनटी1 या माइकच्या पाचव्या पिढीत तो केवळ 4 डेसिबल आहे, हे खरेच. परंतु आमच्या खोलीत रात्री अकरा वाजताही रस्ता, शेजारचा पंखा आणि मंदिराकडून येणारी कुजबुज मिळून माइकच्या खरखराटापेक्षा कितीतरी अधिक आवाज असतो. खोली तेवढी शांत होईपर्यंत अधिक शांत माइकसाठी पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

गायकाच्या तोंडापासून दीड फूट अंतर, माइक ओठांच्या रेषेपेक्षा किंचित खाली आणि मध्ये माइकच्या वीतभर आधी पॉप फिल्टर (तोंडातील हवेचा झोत अडवणारी जाळी), अशी मांडणी आम्हाला मानवली. अगदी जवळून मुद्रण केले की खालचे स्वर उगाच जाड होतात, शिवाय ख्याल गाताना मान डोलते आणि दर डोलण्यागणिक आवाज चढतो-उतरतो. दीड फुटांवर तो फरक जाणवत नाही. एसएम57 हा 1965 पासून बाजारात असलेला डायनॅमिक माइक तबल्यासमोर ठेवला आहे. तो दणकट आहे, त्याला फँटम पुरवठा लागत नाही, आणि नीट केबल जोडलेली असेल तर दोन्ही चॅनेलना 48 व्होल्ट सुरू राहिल्यानेही त्याचे काही बिघडत नाही. तबलजी गायकापासून शक्य तितके दूर आणि गायकाच्या माइकच्या पाठीकडे बसवले, की दोन्ही आवाज बऱ्यापैकी वेगळे मिळतात.

स्कार्लेट 2आय2 विषयी मी समाधानी आहे. याच मालिकेतील सोलो हा छोटा इंटरफेस स्वस्त पडतो, पण त्यात माइकसाठी एकच जागा असते; गाण्याबरोबर तबला किंवा पेटी असणाऱ्यांनी तो घेऊ नये. चौथ्या पिढीच्या 2आय2 मध्ये 69 डेसिबलपर्यंत गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, मिळतो, म्हणून क्षीण आवाज देणारा डायनॅमिक माइकही निभावतो. त्यातील ऑटो गेनची सोय मात्र आपल्या संगीताला समजून वापरावी लागते. बटण दाबल्यावर तो दहा सेकंद ऐकून गेन ठरवतो. आपले गाणे षड्जापासून हळुवार सुरू होते. त्या दहा सेकंदांत तो आवाजाला दुबळा समजून गेन वर नेतो आणि अर्ध्या तासाने तान येते तेव्हा मुद्रण फाटते. यावर उपाय असा, की बटण दाबताच गायकाने थेट तार षड्जावरून तान घ्यावी. क्लिप सेफ ही सोय आवाज फाटण्याच्या बेतात आला की गेन आपोआप कमी करते. बोलण्यासाठी ती चांगली आहे, परंतु एकाच ख्यालाच्या मध्यावर आवाजाची पातळी बदललेली मला नको होती, म्हणून मी ती बंद ठेवली आहे. हाताने गेन लावून सर्वांत जोराची तान −12 डेसिबलच्या, म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेच्या 12 डेसिबल खाली, आसपास राहील असे पाहतो. 24 बिटांच्या मुद्रणात एवढी जागा रिकामी ठेवल्याने काहीही गमावले जात नाही.

वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटांवर दोन चॅनेलचे तासभराचे मुद्रण साधारण एक जीबी जागा घेते. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग बसवणाऱ्या गवयांची आठवण झाली, की ही सवलत फार मोठी वाटते. सॉफ्टवेअर म्हणून रीपर वापरतो. साठ दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि व्यक्तिगत वापराचा परवाना 60 डॉलरांना मिळतो. नुसते मुद्रण करून कापाकापी करायची असेल, तर विनामूल्य मिळणारे ऑडॅसिटीही पुरते.

हेडफोनच्या बाबतीत कुणीही काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एम40एक्स लावून पहिल्याच दिवशी मला चार गोष्टी ऐकू आल्या: आत्याबाईंच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण, पेटीच्या भात्याचा सुस्कारा, वहीचे पान उलटल्याचा आवाज आणि लॅपटॉपच्या चार्जरची बारीक गुणगुण. बांगड्यांवर आत्याबाईंनी हातरुमाल गुंडाळला. मग तेच हेडफोन त्यांना लावून मी मुद्रण ऐकवले, तेव्हा त्या डोळे मिटून पूर्ण अंतरा ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “अरे, दुसऱ्या आवर्तनात माझा निषाद उतरलाय. पुन्हा घे.” मी म्हटले, “आत्याबाई, तुम्ही दमला असाल, उद्या घेऊ.” त्यांनी तानपुरा पुढे ओढला. तो निषाद मला त्या दिवशी लॅपटॉपच्या स्पीकरवर दहा वेळा ऐकूनही कळला नव्हता.

चार्जरची गुणगुण निघायला महिना लागला. जुन्या घरांत भिंतीतील विजेच्या सॉकेटला तीन छिद्रे असतात, पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही, आमच्याकडे नव्हती. वीजतंत्र्याकडून नवे अर्थिंग करून घेतल्यावर आवाज गेला. तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालवून मुद्रण करत होतो, आणि वीज जाऊन घरातील इन्व्हर्टर सुरू झाला की त्याची कुरकुर मुद्रणात येते म्हणून आजही तेवढ्या वेळापुरते थांबतो.

राहिले एचएस5. पाच इंची पांढऱ्या शंकूचे हे 70 वॅटचे स्पीकर प्रामाणिक आहेत, कशालाही गोड करून ऐकवत नाहीत, आणि दोष त्यांचा नाही. परंतु त्यांचे हवेचे तोंड पाठीमागे आहे आणि आमच्या खोलीत त्यांना भिंतीपासून पुरेसे पुढे आणायला जागा नाही. त्यामुळे मागील ‘रूम कंट्रोल’चा, म्हणजे खालचे स्वर कमी करणारा, खटका −4 वर ठेवूनही खर्ज वाजवीपेक्षा मोठा ऐकू येतो, आणि मी तो मिश्रणात (मिक्सिंगमध्ये) कमी करून बसतो, मग तेच मुद्रण दुसरीकडे वाजवले की तानपुरा पोकळ लागतो. पहिल्या वर्षी ज्याच्याकडे छोटी खोली आहे, त्याने हे पैसे हेडफोनवर आणि रॉकवूलवर घालावेत. माझे स्पीकर मी विकणार नाही, कारण शिष्या जमल्या की सर्वांना एकत्र ऐकवायला ते लागतात. मिश्रणाचा निर्णय मात्र हेडफोनवरच होतो.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचा उपाय कोणत्याही साधनात नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कुलर बंद करून चौऱ्याहत्तर वर्षांच्या गायिकेला गायला बसवणे शक्य नाही, आणि कुलर सुरू असताना मुद्रण शक्य नाही. आम्ही पहाटे पाच ते सात ही वेळ धरली आहे. त्यामुळे भैरव, ललत आणि रामकलीच्या बंदिशी पूर्ण झाल्या. सायंकाळचे आणि रात्रीचे राग हिवाळ्यासाठी राखून ठेवले आहेत. आतापर्यंत एकसष्ट बंदिशी झाल्या, प्रत्येकीच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आहेत, आणि यमनच्या चार बंदिशींना दिवाळीनंतरची तारीख ठरली आहे.