सेंट मेलांगेल चर्च, पेनन्ट मेलांगेल (वेल्स): वाट वाकडी करून जाण्यासारखं

वेल्सला गेलेले बहुतेक लोक स्नोडोनिया आणि दोनचार किल्ले बघून परत येतात, पण पोविस या भागातलं हे छोटंसं चर्च चुकवू नका असं मी अगदी मनापासून सांगेन. लँगिनोग गावातून आत वळलं की दोनेक मैल अरुंद रस्ता आहे, समोरून गाडी आली तर कोणाला तरी रिव्हर्स घ्यावाच लागतो त्यामुळे मोठी गाडी नको, आणि मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. बस चर्चपर्यंत जात नाही.

मेलांगेलची गोष्ट माहीत करून मगच जा. ही आयर्लंडच्या राजाची मुलगी, लग्न करायचं नाही म्हणून घर सोडून या दरीत आली आणि एकटीच प्रार्थना करत राहिली. कथेत साल दिलंय ६०४, पोविसचा राजपुत्र ब्रोखवेल शिकारीला आला, कुत्रे एका सशामागे लागले आणि तो ससा थेट जाऊन तिच्या झग्याच्या घोळात लपला. कुत्रे पुढे जाईनात, शिकाऱ्याने शिंग फुंकायला तोंडाला लावलं तर ते ओठांनाच चिकटून बसलं! ब्रोखवेलने मग ती जमीन तिला देऊन टाकली, जो कोणी आसऱ्याला येईल त्याला इथे अभय. त्यानंतर ती ३७ वर्षं तिथे राहिली म्हणतात. तिथल्या लोकांनी सशांना 'मेलांगेलची कोकरं' म्हणायला सुरुवात केली, त्या भागात ससा मारायचा नाही असं कित्येक पिढ्या पाळलं गेलं, आणि कुत्रे मागे लागलेल्या सशाला कोणी 'देव आणि मेलांगेल तुझ्या पाठीशी' असं ओरडून सांगितलं की तो वाचतो अशीही समजूत होती.

आता ही कथा आपल्याला मिळते ती तिच्या काळानंतर जवळपास हजार वर्षांनी लिहिलेल्या हस्तलिखितांतून, म्हणून काहीजण 'दंतकथा आहे' म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही कारण इथले दगड त्या हस्तलिखितांपेक्षा कितीतरी जुने आहेत. आत जी श्राइन (संताच्या अवशेषांसाठी बांधलेली समाधी) आहे ती १२व्या शतकातली, रोमनेस्क या मध्ययुगीन युरोपीय बांधकामशैलीची, म्हणजे तेव्हाही लोक या आडबाजूच्या दरीत तिच्यासाठी येत होते आणि तिच्यावर एवढा खर्चही करत होते. रिफॉर्मेशनमध्ये, म्हणजे १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत, ती श्राइन मोडली, कोरीव तुकडे चर्चच्याच भिंतींमध्ये वगैरे बसवून टाकले. ते शोधून १९५८ मध्ये परत जोडले, मग १९८९ ते ९२ च्या मोठ्या दुरुस्तीत पुन्हा नीट उभी केली. माझ्या मते इथे जायचं मुख्य कारण हेच, घाई न करता तिच्याभोवती फिरा, पानाफुलांची नक्षी जवळून बघा. लोकांनी आजारी माणसांसाठी, गेलेल्यांसाठी लिहून ठेवलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या असतात, म्हणजे श्राइन अजून वापरात आहे, काचेआडची वस्तू झालेली नाही. हे मला फार आवडलं.

चर्चच्या आत आडव्या उभ्या केलेल्या १५व्या शतकातल्या कोरीव लाकडी पडदीवर राजपुत्र, शिकारी, मेलांगेल, ससा, कुत्रे असा सगळा प्रसंग कोरलाय, पण आकृत्या लहान आहेत, लक्ष देऊन शोधा नाहीतर तसेच पुढे जाल. एक मोठं हाडही ठेवलंय, राक्षसिणीची बरगडी म्हणतात, आहे देवमाशाचं. आवारातली यू या सदाहरित जातीची झाडं चर्चपेक्षाही जुनी मानतात, बुंधे बघूनच पटतं.

तिकीट नाही, देणगी मात्र जरूर टाका, इतकं जुनं बांधकाम सांभाळायला पैसा लागतोच. आजूबाजूला दुकान-हॉटेल काही नाही, तेव्हा खायचं बरोबर घ्या. दिवस मोकळा असेल तर पिस्टिल ऱ्हायडर धबधबाही त्याच भागात आहे, पण आधी चर्च, कारण इथे वेळ जास्त जातो. माझ्याकडून ५ पैकी ५.